आमचा ॲप लाईव्ह घोरतो

५ जानेवारी, सोमवार

टॅब आले. पत्र्याच्या पेटीतून, वर कुलूप. आठ नग. माझ्या तिसरीत पोरं एकवीस, म्हणजे एका टॅबमागं दोन-तीन डोकी आणि सगळी भांडणार. हेडसर इतके खूश की पेटीला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. कुठल्याशा संस्थेचे आहेत, फिरते. गॅदरिंग उरकलं की पेटी पुढच्या शाळेला जाणार. तोवर रोज एक तास टॅबचा.

विचारलं, "सर, हा तास काढला कुठनं?"

"चित्रकलेचा घेतलाय ओ बाई. टॅबवर चित्रंपण काढता येतात की!"

बोटाला रंग लागत नाही, ते कसलं डोंबलाचं चित्र. पण तिथं "बरं सर" म्हणून आले. घरी येऊन सगळा राग यांच्यावर काढला. हे बिचारे सोफ्यावर बसून मोबाईलमध्ये कुणाची तरी म्हैस तळ्यात पोहताना बघत होते. म्हैस! आणि वर मला म्हणतात, "बघ तरी, किती छान पोहतेय."

७ जाने., बुध.

टॅबचा तास. पहिली दहा मिनिटं मारामारी, नंतर एकदम शांतता. गणिताचा खेळ लावून दिला होता, बरोबर आलं की फुगे फुटतात. हेडसर दारातून डोकावून गेले, "वा बाई, काय शिस्त!"

मला मेली ती शांतता बघवेना. तिसरीचा वर्ग आणि आवाज नाही? गप्प बसणारं एक लेकरू आहे ना वर्गात, तेवढं पुरे आहे.

ते एक म्हणजे शिवानी. जूनमध्ये आली. आधी दोन वर्षं इंग्लिश मीडियमला होती. तिथं मराठी बोललं की उभं करायचे, इंग्लिश बोललं की पोरं हसायची. मग तिनं बोलणंच सोडून दिलं. आमच्याकडं आली तरी सुटलं ते सुटलंच. हजेरीला हात वर करते. लिहिते सुरेख, वाचते मनातल्या मनात. जूनपासून आजतागायत माझ्याशी एक शब्द नाही, पोरांशी नाही. मी काय काय करून पाहिलं! लाडीगोडी, गोष्टी, चॉकलेट, एकदा तर रागावलेसुद्धा. नुसती बघत राहते. डोळे मात्र लई बोलके आहेत पोरीचे.

आज फुगे फोडण्यात पहिली आली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

९ जाने., शुक्र.

हसून हसून पोट दुखलं आज.

सोमनाथला (सोम्या, वर्गातलं सगळ्यात मोठं तोंड) टॅबवर माईकचं चित्र सापडलं. ते दाबून बोललं की टॅब आपोआप लिहितो. हा गडी बोलला, "मी काल शाळेला आलतो." टॅबनं लिहिलं, "मी काल शाळेला आलं तो." झालं! "बाई, सोम्या आलं झाला! चहात घाला त्याला!" मग प्रत्येकाला बोलून बघायचं होतं. कुणीतरी "व्हय व्हय" म्हणालं, टॅबनं लिहिलं "वायफाय". "लई"चं "लाईव्ह" केलं. मी मुद्दाम नीट बोलून पाहिलं, "मी काल शाळेत आले नव्हते." जसंच्या तसं लिहिलं, एक काना चुकला नाही.

सोम्या म्हणतो, "बाई, ह्यो टॅब पुण्याचा दिसतोय. आपलं त्याला कळत न्हाय."

शि. (रोज पूर्ण नाव कोण लिहीत बसणार) मागच्या बाकावर. हसत होती. आवाज न करता, पण दात दिसले. मी पाहिलं.

१२ जाने., सोम.

हेडसरांना टॅबचं भैरेपण सांगितलं, आपलं बोलणं त्याला नीट ऐकू येत नाही म्हणून. तर ते म्हणे, "उत्तम! आता पोरं शुद्ध बोलायला शिकतील." वर आणखी, "पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात ते पण सुटेल."

काय करायचंय सोडवून? आमच्या वडगाव-शहापुरात सगळ्या पोरी तशाच बोलतात. मीही माहेरी गेले की 'जेवलो' म्हणते, काही बिघडलं नाही माझं.

दुपारी सोम्या माझ्यापुढं येऊन ताठ उभा. "बाई, मी पाणी पिण्यासाठी जाऊ शकतो का?" मी घाबरलेच, म्हटलं पोराला ताप आला की काय. टॅबशी बोलून बोलून जीभ आवळून घेतली होती त्यानं. बाकीचे तर नुसते "नमस्कार, माझे नाव" यापुढं जाईनात. चुकायला नको म्हणून बोलणंच कमी केलेलं सगळ्यांनी.

माझी सटकली. म्हटलं, ठेवा ते टॅब. अर्धा तास झाला, बस्स. आता उरलेला अर्धा तास माझा. नीट बोलायचं नाही, आपलं घरचं बोलायचं, आणि टॅबनं जे चुकीचं लिहिलंय त्याचं चित्र काढायचं. कागदावर. रंगानं.

रागात बोलून गेले खरी, पण काय चित्रं आली! आल्याच्या गड्ड्याला हातपाय आणि पाठीवर दप्तर. वायफाय नावाची म्हातारी, डोक्यावर टॉवर, आणि प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणणारी. फरशीभर रंग सांडला. शिपाईमामा कुरकुरले, त्यांना उद्या चहा द्यायला हवा.

१४ जाने., संक्रांत

वर्गात तिळगूळ. प्रत्येकजण येऊन "गोड बोला" म्हणत होता. शि. आली, माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि उभी. मी तिच्याही वाटणीचं बोलले आणि माझ्याही. गोड बोला, शिवानी. बोला म्हणजे झालं, तिखट बोललीस तरी चालेल गं.

यांनी नवा टीव्ही आणला. भिंतभर. आता म्हैस केवढी दिसेल.

१६ जाने., शुक्र.

आज तिचा आवाज ऐकला!!

आधी हे लिहिते, मग बाकीचं. जाडा आवाज आहे. मला इतके दिवस वाटायचं बारीक, चिमणीएवढा असेल. छे! चांगला खणखणीत, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईसारखा.

झालं असं. टॅबच्या तासाला एक टॅब कमी. शोधत मागच्या व्हरांड्यात गेले तर ही भिंतीकडं तोंड करून बसलेली, टॅब तोंडाला लावलेला, आणि बोलतेय. घडाघडा. मी दारामागं थांबले. श्वास धरून. तिच्या आप्पांचं काहीतरी सांगत होती. आप्पा म्हणजे आजोबा, वडगावातच घरात कापडाचे माग आहेत त्यांचे. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पायाला मुंग्या आल्या.

घंटा झाली, तिनं टॅब आणून पेटीत ठेवला, पहिल्यासारखी गप्प. मी नंतर उघडून पाहिला. त्यात लिहिलेलं:

"आमचा ॲप लाईव्ह घोरतो. माग चालू असला की ॲप झोपतो. माग बंद पडला की ॲप उठतो आणि विचारतो कोण मेल."

आप्पाचं ॲप केलंय टॅबनं! पहिल्यांदा हसले, आणि मग तिथंच पेटीवर बसून रडले. आनंदानंच. हेडसर आले, "काय झालं बाई?" म्हटलं, काही नाही, खडूची धूळ.

म्हणजे बघा, मी हाडाची मास्तरीण, सात महिने डोकं फोडलं. आणि पोरगी बोलली कुणाशी, तर त्या काचेच्या पाटीशी. राग यावा का? आला थोडा. खोटं कशाला लिहू. पण तो टॅब हसत नाही ना तिला. चुकतो तोच, ती नाही.

१९ जाने., सोम.

सकाळी तिला एकटीला गाठून विचारलं, तुझी गोष्ट वर्गात वाचून दाखवू? खूप वेळ बघितलं, मग मान हलवली. हो अशी.

वाचली. वर्ग हसून कोसळला. पण त्या हसण्यातला फरक तिला कळला असावा, कारण सगळे ॲपला हसत होते. मग प्रत्येकाला आपापल्या आप्पाचा ॲप हवा! "आमचा ॲप बिडी ओढतो." "आमचा ॲप चार्जिंगला बसलाय, म्हंजे जेवतोय." अर्धा तास टॅब बाजूला पडून राहिले, कुणाला आठवण नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. वाटेत दुसऱ्या गेटाच्या फाटकाशी रेल्वेनं अडकवून ठेवलं, तरी गेले. आप्पांना सांगितलं, बोलली म्हणून. ते म्हणाले, "घरात लई बडबडतीया ओ बाई, कान किटत्यात आमचे. शाळंत गेली की कुलूप." मग त्यांना गोष्ट वाचून दाखवली. मोठ्यानं हसले. "मी घोरतो व्हय! जगाला सांगितलं बघा हिनं!"

वडील कामावरून आले, उद्यमबागेत कारखान्यात आहेत. ऐकून डोळे भरले त्यांचे. म्हणाले, "मॅडम, टॅबशी बोलते ना? मग टॅबच घेऊन देतो तिला. घरात, स्वतःचा. शाळेत पण घेऊन येऊ दे."

 घरात आप्पांशी, आईशी बोलते ती पोरगी. तिथंही टॅब आला तर तिथलं बोलणंही त्यातच जायचं. म्हटलं, घाई नका करू. गॅदरिंग होऊ दे, मग बघू. ते "बरं" म्हणाले, पण पटलेलं नव्हतं. त्यांचं तरी काय चुकलं? बापाला वाटणारच.

आता मला गॅदरिंगपर्यंत मुदत. नंतर पेटी जाणार. तोवर ती माणसांशी बोलली तर ठीक. नाहीतर एक तर सगळं परत बंद, नाहीतर घरचा टॅब.

२२ जाने., गुरु.

करंट गेला. टॅब काल कुणी चार्जच केले नव्हते. (माझंच काम होतं. असो.) पोरं हिरमुसली.

मी यांच्या नव्या टीव्हीचा खोका सकाळीच रिक्षात घालून शाळेत आणला होता, गॅदरिंगला काहीतरी उपयोगी पडेल म्हणून. सोम्यानं त्याला मधोमध चौकोन कापला आणि आत जाऊन बसला. "बाई, मी टॅब! बोला माझ्याशी!" एकजण म्हणाला, "भूक लागलीया." सोम्या आतनं, "सुख लागलंया." दुसरी, "माझी पेन्सिल दे." सोम्या, "माझी पेन्शन दे."

नियम आपोआप ठरला: टॅबनं चुकीचंच ऐकायचं. बरोबर ऐकलं की आउट, दुसऱ्याची पाळी. नाव ठेवलं भैरा टॅब. खोक्याला रंगवलं, वर बॅटरी काढली, कडेला माईक. करंट कधी आला कळलंच नाही.

शेवटी शि. रांगेत उभी! तिची पाळी आली. खोक्याच्या भोकाला तोंड लावलं आणि काहीतरी कुजबुजली. आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही. सोम्याला आलं. आतून ओरडला, "काय? तुझ्या घरात उंट हाय?"

ती हसत पळून गेली. सोम्याला मी नंतर विचारलं, काय म्हणाली रे खरं? तर म्हणतो, "सांगणार न्हाय. टॅब कुणाचं सांगत न्हाय."

फटकावणार होते. पण बरोबर बोलला.

२७ जाने., मंगळ.

गॅदरिंगला तिसरीचं नाटक ठरलं: "आमचा ॲप". दरवर्षीचा तो कोळीडान्स यंदा रद्द. हेडसरांचं तोंड वाकडं, पण मी ऐकते होय!

गोष्ट साधी. एका घरात आप्पा हरवलाय, आणि घरातली सगळी टॅबला विचारतायत आप्पा कुठाय, तर टॅब ॲप शोधतोय. खोक्यात सोम्या. कोण काय बोलणार ते शि. रचते. व्हरांड्यात जाऊन टॅबला सांगते, टॅब चुकीचं लिहितो, आम्ही त्यातलं बरोबर तेही घेतो आणि चुकीचं तेही. म्हणजे लेखक दोघं, एक शि. आणि एक ते यंत्र. माझं काम नुसतं वाक्याला वाक्य जोडायचं.

मला टॅबबद्दल बरं काही लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. लिहिते: ही तालीम टॅबशिवाय झाली नसती. पण टॅबवर सुद्धा झाली नसती. खोका पाहिजेच. रंग पाहिजे, सोम्या पाहिजे, फरशीवर लोळायला जागा पाहिजे.

हेडसरांना आता रोज अर्धा टॅब अर्धा कागद असं सांगून टाकलंय. "मग अहवालात काय लिहू?" म्हणाले. म्हटलं, लिहा की पोरं आनंदात आहेत.

४ फेब्रु., बुध.

तालीम. शि. ला विचारलं, छोटंसं काम करतेस स्टेजवर? एकच वाक्य? मान. नाही अशी. दोनदा विचारलं असतं तर रडली असती, म्हणून सोडलं. पडद्यामागं उभं राहून खोका धरायचं काम दिलं, हलू नये म्हणून. त्यावर खूश.

खोक्यातल्या सोम्याशी मात्र तिचं आता रोजचं बोलणं आहे. कुजबुजत. बाहेरच्या सोम्याशी नाही! तो खोक्यातनं बाहेर आला की गप्प. पोराला काही वाटत नाही त्याचं. तिला काही सांगायचं असलं की स्वतःच आत जाऊन बसतो. देव त्याचं भलं करो, परीक्षेत मात्र नापास होणार आहे.

वडिलांचा फोन. "मॅडम, टॅब बघून ठेवलाय." म्हटलं, थांबा.

१४ फेब्रु., शनि. — गॅदरिंग!!!

झोप येणार नाहीच, लिहूनच काढते.

मंडप खच्चून भरला होता. पुढच्या रांगेत आप्पा, धोतर, नवी टोपी. शेजारी तिचे आईवडील. आमचे हे पण आले, मोबाईल खिशात ठेवायला लावला मी.

नाटक सुरू. आई झालेली पोरगी खोक्यापुढं आली, "टॅबा टॅबा, आप्पा कुठाय?" आता सोम्यानं म्हणायचं, "ॲप डाउनलोड होतोय, थांबा."

आणि सोम्या एवढी गर्दी बघून गारठला. त्याच्या तोंडून निघालं, "आप्पा? आप्पा बाजारात गेलाय."

बरोबर ऐकलं! आख्खं नाटक तिथंच संपलं की. आप्पा सापडला म्हटल्यावर पुढं शोधायचं काय? आई झालेली पोरगी माझ्याकडं बघतेय, मी तिच्याकडं. मंडपात सगळं चिडीचूप. 

तेवढ्यात पडद्यामागनं आवाज आला, जाडा, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत:

"आरं सोम्या, चुकीचं आईक की रं!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग जो काय हशा उठला! लोकांना वाटलं नाटकातच आहे. टाळ्या, शिट्ट्या. सोम्या भानावर आला, "ॲप डाउनलोड होतोय, थांबा!" आणि गाडी सुटली. शेवटपर्यंत अशी सुटली की थांबेचना. आप्पा हसून हसून टोपीनं डोळे पुसत होते. तिचे वडील उभे राहिले होते. नुसते उभे, टाळ्या वाजवायचं विसरून.

मी धावत पडद्यामागं. शि. खोक्याला गच्च धरून उभी. चेहरा पांढराफटक. एवढं हसणं तिनं याआधी ऐकलं होतं ते त्या दुसऱ्या शाळेत, तिच्यावर. मी म्हटलं, "अगं शिवानी, नाटक वाचवलंस तू!" तिनं माझ्याकडं पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले.

मला काहीच कळेना, हसू का रडू. शेवटी खव्याचा कुंदा वाटला सगळ्यांना. मी तीन वेळा घेतला.

१६ फेब्रु., सोम.

शि. आली नाही. शाळाभर तिचंच वाक्य. चौथीची पोरंपण एकमेकांना "चुकीचं आईक की रं" म्हणून ओरडतायत. हेडसरसुद्धा मीटिंगमध्ये म्हणाले. मी हसले खरी. आता ती आली आणि सगळी तिच्या अंगावर हे ओरडली तर?

वर्गाला ताकीद दिली: ती आली की कुणी काही बोलायचं नाही. सोम्या म्हणाला, "बाई, मग तिला कसं वाटंल? सगळीच गप्प!"

यालाच हेडमास्तर करा, म्हणावं.

१७ फेब्रु., मंगळ.

आजही नाही. शाळा सुटल्यावर वडगावला गेले. जिन्यावरूनच मागाचा खडखडाट, आणि त्याच्याही वर तिचा आवाज! दार उघडंच होतं. मी बाहेर थांबले.

गॅदरिंग सांगत होती आप्पांना, जणू ते तिथं नव्हतेच. सगळ्यांचे आवाज काढून. सोम्याचा, हेडसरांचा. आणि माझा! "ए, गप्प बसा! ए, रंग सांडला की तुझ्या बापाला बोलावीन! वाऽऽ वा, काय चित्र काढलंय माझ्या सोन्यानं!" हुबेहूब. मी अशी ओरडते? आप्पा म्हणत होते, "परत कर, बाईचं परत कर."

एक पाऊल आत टाकलं असतं तर बंद झालं असतं. मला माहीत होतं. तशीच जिना उतरून परत आले, चप्पलसुद्धा न वाजवता. रस्त्यात खालच्या घरातल्या बाईंनी विचारलं, "एकट्याच का हसताय ओ बाई?"

हसत होते, आणि आत कुठंतरी दुखतही होतं. सगळ्यांचं सगळं बोलते, माझा आवाजसुद्धा काढते. फक्त माझ्याशी नाही.

१८ फेब्रु., बुध.

आली! सर्दी झाली होती म्हणे, आईनं चिठ्ठी दिली. पोरं अर्धा तास भलतीच शहाण्यासारखी वागली. मग सोम्यानं खोक्यातनं हाक दिली, "ॲप अपडेट झालाय, कुणाला बोलायचंय?" शि. गेली. या वेळी कुजबुज नाही. सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "तू लई घाबरट हायस!"

सोम्या आतनं, "मी लाईव्ह भारी हाय? थँक्यू!"

२० फेब्रु., शुक्र.

पेटी गेली. टेम्पो आला, हेडसरांनी कुलूप तपासलं. मला वाटलेलं पोरं रडतील. कसलं काय! मैदानावर भैऱ्या टॅबची दुसरी खोकी तयार होतायत, मिक्सरची, पंख्याची. दोनतीन पोरं टेम्पोला टाटा करून आली, बस्स.

मलाच वाईट वाटलं. शेवटी पहिला तिचा आवाज त्यातूनच आला होता. जाताना एका टॅबवर हात ठेवला. हेडसर बघत होते, म्हणून पुसल्यासारखं केलं.

व्हरांड्यात शि. एकटी उभी होती, टेम्पो गेला त्या दिशेनं बघत. मी जवळ गेले नाही.

वडील भेटले गेटवर. "आता काय करू, मॅडम? घेऊ का टॅब? तुम्ही सांगाल तसं."

काय सांगणार? खरंच कळत नाही. म्हटलं, घेतलात तर रोज अर्ध्या तासापुरता, आणि तिनं त्याला जे सांगितलं ते नंतर आप्पांनाही सांगायचं. एवढं बोलले, पण रिक्षात बसल्यावर वाटलं, मी कोण मोठी लागून गेले? माझ्याशी तर अजून ती बोललेली नाही.

२५ फेब्रु., बुध.

नोंद: शि. आज रांगेत भांडली. खोक्याबिक्याशिवाय, उघड्या तोंडानं. पुढच्या पोरीला म्हणाली, "सरक की गं, दिसत न्हाय मला!" तीही वरचढ, दोघींची चांगली जुंपली. मी सोडवायला गेले, दोघींना ओरडायला पाहिजे होतं, तर माझं तोंड कानापर्यंत फाकलेलं. दुसरी पोरगी म्हणाली, "बाई, हिला काहीतरी बोला की!"

शि. माझ्याकडं बघून गप्प. पुन्हा कुलूप.

यांना सांगितलं घरी. हे म्हणाले, "तुझी भीती वाटत असेल तिला." मी? भीतीदायक? यांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "थोडीशी."

२८ फेब्रु., शनि.

सकाळची शाळा. पेपर तपासायचे होते, वर्गात एकटीच बसले होते. पोरं गेलेली. बाकं, फरशी, सगळं रिकामं.

दारातून: "बाई."

जाडा आवाज.

मी मान वर केली. शि. उंबऱ्यावर. दप्तर पाठीवर, एक वेणी सुटलेली.  मी हलले नाही. पेन हातात तसंच. वाटलं, हललं तर जाईल.

 तिनं तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली,

"काय न्हाय."

आणि पळाली. पायऱ्यांवरून धडाधडा, गेटपर्यंत. आप्पा उभे होते घ्यायला.

मला! मलाच म्हणाली! "बाई" आणि "काय न्हाय". घरी येईस्तोवर किती वेळा म्हणून पाहिलं मनाशी. रिक्षावाल्याला भाडं देताना तोंडातून गेलंसुद्धा, तो म्हणाला, "काय न्हाय कसं, सुट्टे द्या की."

पण काय होतं ते? काय सांगायला आली होती? सोमवारी विचारू? विचारलं आणि बुजली तर? नाही विचारलं आणि तिला वाटलं बाईला ऐकायचंच नाही, तर?

नाही, विचारणार नाही. मी सोमवारी पण शाळा सुटल्यावर वर्गात बसून राहणार. दार उघडं ठेवून.